रॅमवरची सही

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली भडकू म्हणायची, आणि तेही तोंडावर. मागे म्हटलं काय नि पुढे म्हटलं काय, भडकायचा तो भडकायचाच. हात मात्र सोन्याचे, म्हणून लोक दोन शिव्या खाऊन का होईना, त्याच्याकडेच यायचे. काउंटर त्याची बायको सांभाळायची. नवरा ग्राहकाला फाडून खायला लागला की ती पाण्याचा ग्लास पुढे करायची. ग्राहकाला, नवऱ्याला नव्हे.

त्या सकाळी शाळेतल्या एक बाई आल्या. लॅपटॉप छातीशी धरलेला, चेहरा उतरलेला.

"उठतच नाहीये हो. झाकण उघडून बटण दाबलं की पंखा फिरतो, पण पडदा काळाच. मग इंग्रजीत काहीतरी विचारत बसतो. माझंच काहीतरी चुकलं असणार."

भडकूने बटण दाबलं. बऱ्याच वेळाने पडद्यावर प्रश्न उमटला: मागचं काम परत आणता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करू की ते पुसून नव्याने चालू होऊ? असल्या दहांपैकी नऊ लॅपटॉपना तो 'पुसून टाक' म्हणून मोकळा व्हायचा. बोट बटणावर गेलंसुद्धा.

"पुसलं की काय जाईल?" बाईंनी विचारलं.

"सेव्ह केलं नसेल तेवढं."

"मग सगळंच जाईल. शाळेचं वेळापत्रक आहे त्यात. छत्तीस शिक्षक, एकवीस वर्ग. सहा दिवस खपतेय मी. उद्यापासून शाळा त्याच्यावर चालायची आहे."

"आणि सहा दिवसांत एकदाही सेव्ह केलं नाही?"

"झाकण लावलं की झोपतो, उघडलं की जिथं सोडलं तिथंच असतं. तीन वर्षं असंच चाललंय."

झालं. भडकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, झोपताना तो सगळं काम डिस्कवर लिहून ठेवतो आणि उठताना वाचून परत मांडतो. वाचता नाही आलं की गेलं बाराच्या भावात! मुलांच्या वह्या लाल करता, आणि स्वतःला एक बटण दाबता येत नाही?"

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. आल्यापासून दुसऱ्यांदा.

त्याने तणतणतच लॅपटॉप उलटा केला, आणि थबकला. पाठीवरचा एक स्क्रू अर्धवट वर आलेला होता. "हा कोणीतरी उघडलाय! कोणाला दिला होता?"

"काल माझे दीर कुठेतरी घेऊन गेले होते. हळू चालायचा, म्हणून मेमरी वाढवायला. मी झाकण लावून दिला त्यांच्याकडे."

"म्हणजे झोपलेला दिलात! आणि त्या गाढवाने तसाच उघडला! झोपेत आतली रॅम बदलली तर उठल्यावर त्याला स्वतःचं घर ओळखू येणार आहे का? आधी चालू करायचा, आतून नीट बंद करायचा, मगच हात लावायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कोण गाढव आहे हा? माझ्यासमोर आणा त्याला!"

बोलता बोलता त्याने पाठ उघडली. आत रॅमची नवी पट्टी होती, बोटभर लांब. तिच्यावर हिरव्या मार्करने कालची तारीख होती आणि सही होती. सही भडकूची.

आपण बसवलेल्या प्रत्येक भागावर तो सही करायचा, दुसऱ्याची घाण आपल्या नावावर कोणी खपवू नये म्हणून. काल संध्याकाळी तो फोन खांद्यात धरून एका माल देणाऱ्याशी कडाकडा भांडत होता. त्याच भरात त्याने लॅपटॉप चालू करून न बघताच पट्टी बदलली होती. आता सगळं आठवलं. बायकोनेही वाकून सही पाहिली. पाण्याचा ग्लास मात्र या वेळी तिने नवऱ्यापुढे ठेवला.

"बॅगेत एखादं कागदाचं छोटं पाकीट आहे का?" भडकूचा आवाज एकदम खाली आला. काढलेला जुना भाग तो नेहमी ग्राहकाला परत द्यायचा. बाईंनी बॅग उपसली. खडू, लाल पेन, चष्म्याचं घर, आणि तळाशी दिरांनी काल दिलेलं ते पाकीट. त्याने नवी पट्टी काढली, जुनी बसवली आणि 'पुन्हा प्रयत्न' निवडलं. पडदा काळा झाला. मग चौकटीच चौकटी उजळल्या, आणि गुरुवारच्या पाचव्या तासात कर्सर लुकलुकायला लागला.

भडकूने आधी सेव्ह केलं. मग पेनड्राइव्हवरही घेतलं.

बाईंना रडूच फुटलं. "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. मूर्खच आहे मी. घरीही सकाळपासून सगळे तेच म्हणतायत."

गप्प बसता आलं असतं. पट्टी त्याच्या मुठीत होती आणि बाई निघायच्या बेतात होत्या. पण त्याच्या अंगाची लाही लाही होत होती, आणि राग काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं. त्याने मूठ उघडली. "वाचा. सही माझी आहे. काल मीच उघडला, न बघता."

बाईंनी चष्मा लावून तारीख वाचली, सही वाचली. डोळे पुसले.

"उभे राहा," त्या म्हणाल्या.

भडकू स्टुलावरून उठला.

"तीनदा माफी मागितली मी. थांबा बाई, आधी बघू तरी, असं एकदा तरी म्हणालात? वेळापत्रक मी पुन्हा केलं असतं, आणखी सहा दिवस घासून. पण मी मूर्ख आहे, हे जन्मभर उराशी धरून बसले असते. मघाशी गाढव कोणाला म्हणालात?"

"उघडणाऱ्याला."

"म्हणजे कोणाला?"

"मला."

"मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

"मी गाढव!" भडकू ओरडला.

"ऐकू आलं," काउंटरमागून बायको म्हणाली.