आधी आवाज काढून दाखवा

भालकीच्या बस स्टँडसमोर गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं पत्र्याचं शेड होतं, आणि त्या शेडसमोर भली भली माणसं तोंडानं गाडीचे आवाज काढत उभी असायची. खोटं वाटेल, पण कचेरीतल्या एका भारदस्त हेडक्लार्कना, कपाळाला गंध, काखेत छत्री अशा थाटात, गाल फुगवून ‘फट् फट् फटाक्’ करताना मी स्वतः पाहिलं आहे. मिस्त्री डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. मध्येच म्हणाले, "जरा खाली घ्या, मालक. तुमची स्कूटर एवढी चिरकत न्हाई."

गाडीचं दुखणं मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मिस्त्री बॉनेटला हात लावत नसत. त्यांचे वडील मंठाळला मेंढरं राखायचे. "मेंढरू खोकलं की आमचा बाप नुसता कान द्यायचा. कापून बघितलं का कधी?" हा त्यांचा ठरलेला सवाल. यावर मोठमोठे ड्रायव्हरही निमूट गाल फुगवत.

माझ्याकडे तेव्हा एक जुनी पिकअप होती. गावोगावचं दूध कॅनमध्ये भरून उदगीरच्या डेअरीला पोचवायचं, हा माझा धंदा. वडील शाळामास्तर. मुलानं खडू सोडून स्टेअरिंग धरलं म्हणून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. आणि ऐन उन्हाळ्यात गाडीनं नखरे सुरू केले. पाय दाबला की आवंढा गिळायची, मग पळायची. चढावर तर त्या आवंढ्यातच बंद पडायची. दोनदा उशीर होऊन दूध नासलं. डेअरीचे साहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा नासलं तर दुसरी गाडी लावतो."

तरीही मी मिस्त्रींकडे गेलो नाही. का? लाज! शेडशेजारच्या हॉटेलात वडिलांच्या शाळेतले गुरुजी चहाला बसत. त्यांच्यासमोर मास्तरांच्या चिरंजीवांनी भुर्र करायचं? त्यापेक्षा मी स्वतःच प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटरचे हाताला लागतील ते स्क्रू पिळले. आवंढा तसाच राहिला, वर गाडी काळा धूर ओकू लागली.

शेवटी एका सकाळी, उदगीरहून रिकामे कॅन घेऊन परतताना, गाडी नेमकी शेडसमोर आचका देऊन थांबली. मिस्त्री बाहेर आले.

"काय धाकले मास्तर, काय म्हणायली गाडी?"

"थोडी अडखळते," मी हळूच म्हणालो.

"असं न्हाई. आवाज काढा."

हॉटेलातले गुरुजी कपबश्या हातात धरून आमच्याकडे वळले. मी डोळे मिटले आणि काढला: "भुर्र... हुक्... भुर्रर्र!"

"हुक् कवा येतो? दाबल्या दाबल्या, का पळता पळता?"

"दाबल्या दाबल्या."

"मग पेट्रोल कमी पडंना, नुसतं येळेवर येईना. पळता पळता अडली असती तर म्हटलं असतं कमी पडायलंय. पुन्हा काढा बरं, पायासकट."

मी हवेत पाय दाबून पुन्हा काढला. एक गुरुजी म्हणाले, "छान!"

मिस्त्रींनी मी पिळलेले स्क्रू जागेवर आणले, आणि प्रत्येकासाठी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग इंजिन बंद ठेवून, कार्बोरेटरच्या तोंडात बघत त्यांनी एक दांडी हलवली. "हितं पिचकारी उडाया पायजे. थेंब गळायलाय, बघा." पाय दाबताक्षणी पेट्रोलची जादा पिचकारी मारणाऱ्या छोट्या पंपाचा चामडी वायसर वाळून आक्रसला होता. नवा मिळणार हैदराबादला. दूध निघणार दुसऱ्या दिवशी पहाटे.

मिस्त्री क्षणभर इकडेतिकडे बघत राहिले. मग उजव्या पायातली चप्पल काढली, पट्ट्याचा एक गोल तुकडा कापला, पंपाच्या वाटीत बसवून आकार दिला आणि एरंडेलात भिजवून पंपात बसवला.

"अहो मिस्त्री, कामून कापायलाव?"

"मला हैदराबादला जायचं न्हाई. तुम्हाला उदगीरला जायचंय."

दुसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याशी मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि निघालं ‘भुर्र’. पाय दाबला. हुक् नाही! दूध वेळेवर, गोडच्या गोड पोचलं. येताना मी मिस्त्रींसाठी उदगीरहून चपलांचा नवा जोड आणला. त्यांनी तो तसाच शेडमधल्या खुंटीला टांगला. पायात तीच, सुतळीनं पट्टा बांधलेली. वडिलांना हॉटेलातून सगळी बातमी पोचलीच होती. रात्री जेवताना म्हणाले, "तो आवाज काढ बघू." कित्येक महिन्यांनी आम्ही दोघं हसलो.

बऱ्याच वर्षांनी मिस्त्री आजारी पडल्याचं कळलं. भेटायला गेलो तर शेडमध्येच बाजेवर बसले होते, निम्मे झालेले. मी विचारलं, "मिस्त्री, काय होतंय?" त्यांनी माझ्याकडे मिस्कीलपणे पाहिलं, गाल फुगवले आणि काढला: "भुर्र... हुक्..."

पुढचा भुर्र आला नाही. मी वाट बघत राहिलो.

मग त्यांनी खुंटीकडे बोट केलं. तो जोड अजून तिथेच होता, नवा कोरा. "घेऊन जावा, मास्तर. चांगलं चामडं हाय. धा-बारा वायसर निघतील."