तोफेचा कान

दादाराव पहाटे साडेचारला उठायचा. थंड पाण्यानं आंघोळ करायची, रात्रीची भाकर फडक्यात बांधायची आणि मोहगावहून सायकलनं सौसर गाठायचं. चौकीदार शेडचं कुलूप उघडायला यायचा तेव्हा हा पायरीवर बसलेला असायचा. चहाला बोलावलं तर जात नसे. कोणी दारूचा विषय काढला तर उठून जायचा.

मी पांढुर्ण्याचा. जन्मभर बैलबंडीची चाकं केली. शहाऐंशी साली सौसरला एक लहान संग्रहालय उघडणार होतं. त्यासाठी मोहगावची जुनी तोफ दुरुस्त करायची होती. तिच्या गाड्याचं लाकूड कुजलं होतं, म्हणून चाकं माझ्याकडे आली. पितळी नळी दादारावाकडे गेली. देखरेखीला केशवराव होते, तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मिस्त्री.

तोफ रघुनाथरावांची. मोहगावची जुनी मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तरी संत्र्यांचे बगीचे आणि रुबाब शिल्लक होता. नळी त्यांच्या बगीच्यात वर्षानुवर्षं पडून होती. तोंडात माती, मातीत गांधीलमाशांचं पोळं, अंगावर हिरवा कळंक. केशवरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं की चिंच लावायची नाही, लोखंड लावायचं नाही. बांबूची चिप, मऊ ब्रश आणि तेल. असं काम केलं तर तळहाताएवढी जागा साफ व्हायला सकाळ जाते. दादारावानं कधी घाई केली नाही. पण आवडीच्या वस्तूवर माणूस राबतो तसं ते राबणं नव्हतं. दात आवळून करायचा.

आतून नळी धुवायला घेतली तेव्हा मला कारण कळलं. लांब बांबूला ओलं पोतं गुंडाळून तो आत-बाहेर करत होता. डांबरासारखी काळी घाण निघाली. ती त्यानं हातावर घेतली आणि मला दाखवली.

"माह्या बापाचा हात इनं खाल्ला."

बापाचं नाव सुखदेव. दसऱ्याला मालगुजाराच्या घरून दोन बार उडायचे. भरायचं काम सुखदेवाचं, वेठीचं. पहिला बार उडाला की नळीत ओला बोळा फिरवायचा, आत राहिलेली ठिणगी मारायची, मगच दुसरा भरायचा. त्या वर्षी पाहुण्यांना निघायची घाई होती. रघुनाथराव तेव्हा विशीतले होते. म्हणाले, बोळा राहू दे, भर. सुखदेव बारूद ठोसत असतानाच ती पेटली. उजवा हात मनगटापासून गेला.

दुसऱ्या दिवशी रघुनाथरावांनी गावात सांगितलं की सुखदेव पिऊन होता. सुखदेवानं जन्मात थेंब घेतला नव्हता. गावाला ते माहीत होतं. कोणी बोललं नाही. पुढं तीस वर्षं त्यानं एका हातानं दुसऱ्यांचे बगीचे राखले आणि पोरं त्याला दारुड्या म्हणत राहिली. शेवटी कावीळ होऊन मेला, तर तिरडीमागं चालणारेही म्हणाले, पिऊन मेला.

पावसाळ्यात एकदा रघुनाथराव शेडमध्ये आले. पांढरं धोतर, हातात काठी. नळी चकचकीत झालेली पाहून खूश झाले आणि केशवरावांना जुनी गोष्ट सांगू लागले. दादाराव तिथंच चिप घेऊन बसला होता.

"याच्या बापानं पिऊन हात घालवला. आम्ही तरी पोराला काही कमी केलं नाही. काय दाद्या?"

दादाराव हातातलं काम करत राहिला.

जाताना रघुनाथरावांनी अट घातली. तोफ संग्रहालयाला देतो, पण उद्घाटनाला दसऱ्याच्या दिवशी एक बार मी माझ्या हातानं उडवीन. केशवरावांना ते पसंत नव्हतं. संग्रहालयात ठेवायची तोफ आधी निकामी करायची असते. नळीच्या मागच्या टोकाला वरून बारीक भोक असतं, तिथून आग आत जाते. त्याला तोफेचा कान म्हणतात. तो कान खिळा बसवून बंद केला की तोफ पुन्हा उडत नाही. पण तोफच मिळाली नाही तर ठेवणार काय? केशवरावांनी मान्य केलं. दादारावाला सांगितलं, खिळा तयार ठेव, सलामी झाली की बसव.

त्या दिवसापासून दादाराव मोकळेपणी बोलू लागला, म्हणून मला भीती वाटली. दुपारी भाकर खाताना मी विचारलं, "बारूद जास्तीची भरून राहिला काय?"

"नाही," तो म्हणाला. "त्याचा हात नाही पाह्यजे मले. हात गेला तर लोक हळहळतीन. त्याले पाह्याले घरी जातीन. चार लोकांत त्याचं हसू झालेलं पाह्यजे."

खिळा त्यानं पोलादाचा केला. कानात घालून पाहायचा, काढून कानशीनं घासायचा, पुन्हा घालायचा. मी आयुष्यात बारीक काम पुष्कळ पाहिलं. तसा बसणारा खिळा पाहिला नाही.

दसऱ्याला सकाळी, मंडप भरायच्या आधी, त्यानं तो कानात ठोकला. वरून दिसू नये म्हणून दोन बोटं खोल. मी चाकांना तेल लावत होतो. पाहिलं आणि चाकांना तेल लावत राहिलो.

एकच धोका होता. बारूद कापडी थैलीत असते. थैली नळीत ठोसली की कानातून तार घालून ती फोडावी लागते, मग वर चिमूटभर बारूद टाकून बत्ती द्यायची. तार घालणाऱ्याला खिळा तिथंच लागला असता. पण तार घालायचं काम नेहमी सुखदेवाचं होतं. रघुनाथरावांनी फक्त बत्ती दिलेली.

मंडपात सौसरची, मोहगावची, लोधीखेड्याची माणसं होती. बँड वाजत होता. केशवरावांनी मोजून थैली दिली आणि ते लोकांना मागं सरकवायला गेले. रघुनाथरावांनी थैली स्वतः ठोसली. टाळ्या झाल्या. दादाराव तोफेजवळ उभा होता. त्यानं तार पुढं केली.

"आधी तार घाला, मालक."

तार घेतली असती तर दादाराव तिथंच सापडला असता. रघुनाथरावांनी तारेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू नको शिकवू."

त्यांनी कानावर बारूद टाकली आणि लांब काठीची बत्ती लावली. भस्स झालं. पांढरा धूर वर गेला. लोकांनी कानांवर हात ठेवले होते, ते तसेच राहिले. बार झाला नाही. त्यांनी पुन्हा बारूद टाकली. पुन्हा भस्स. तिसऱ्यांदा भस्स झालं तेव्हा बँडवाल्यानं उगाच ढोलावर टिपरी मारली आणि मागून पहिलं हसू आलं.

रघुनाथराव वळले. चेहरा लाल झाला होता.

"काय करून ठेवलं बे? पिऊन आला काय?"

दादाराव याच शब्दांची वाट पाहत होता. आवाज चढवला नाही, पण मंडपभर ऐकू गेलं.

"थैली तुम्ही ठोसली. बत्ती तुम्ही देली. मी तार देऊन राह्यलो होतो, तेही नाही घेतली. आता तुम्हीच सांगा, मालक, कोण पिऊन हाये?"

मग मागून आवाज आला, "मालकानं सकाळीच घेतली वाटते." मंडप हसला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पाहुण्यांतलेही हसले.

रघुनाथराव दारू पीत नव्हते. दादारावाला ते माहीत होतं. हसणाऱ्यांपैकी मोहगावच्या सगळ्यांना माहीत होतं.

भरलेली तोफ तशी सोडता येत नाही. दादारावानं बादली आणली, नळीत पाणी ओतलं, थैली बाहेर ओढली. मग बांबूला बोळा बांधला, ओला केला आणि आत फिरवला. काढला, धुतला, पुन्हा फिरवला. पाहुण्यांना निघायचं होतं. त्यांना थांबावं लागलं. रघुनाथराव काठी धरून तिथंच उभे होते आणि तो एका लयीत बोळा फिरवत होता. बापाला जेवढा वेळ मिळाला नव्हता तेवढा त्यानं घेतला.

केशवरावांनी नंतर कानात तार घातली. दोन बोटांवर ती थांबली. त्यांनी तार पुसून खिशात ठेवली आणि लोकांना सांगितलं, बारूद सर्दावली होती. संध्याकाळी दादारावाला शेवटच्या हप्त्याची मजुरी दिली. म्हणाले, काम चोख झालं, आता माझ्याकडे येऊ नको. त्या हंगामात संत्री तोडायलाही त्याला कोणी बोलावलं नाही. त्यानं बोरगावला जाऊन हमाली केली.

रघुनाथराव मोहगावच्या स्टँडवर उतरले की पानठेल्यावरची पोरं हळूच 'भस्स' म्हणायची. पुढं त्यांनी स्टँडवर उतरणं सोडलं. दोन वर्षांनी मी दादारावाला म्हटलं, आता पुरे झालं, म्हातारा माणूस आहे.

"माह्या बापानं तीस वर्ष ऐकलं," तो म्हणाला. "याचे दोनच झाले."

मजुरीचं सांगायचं राहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो पांढुर्ण्याला माझ्याकडे आला. त्याची आई शांताबाई घराच्या छपराला टिनाचे पत्रे टाक म्हणून मागं लागली होती, म्हणून मला वाटलं टिनाच घ्यायच्या असतील. तो मला फटाक्यांच्या दुकानात घेऊन गेला आणि सगळ्या पैशांचे सुतळी बॉम्ब घेतले. दुकानदारानं विचारलं, लग्न हाये काय? तो म्हणाला, तसंच समजा.

संध्याकाळी मोहगावच्या बौद्ध वस्तीत आम्ही बॉम्बचं पोतं उतरवलं. रघुनाथरावांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. हात गेला त्या दसऱ्यापासून शांताबाई कुठंही बार झाला की घरात जाऊन कान दाबून बसायची. त्या दिवशी तिला आधी सांगितलं. ती दाराबाहेर येऊन पायरीवर बसली. पहिला बॉम्ब वाजला तशी ती दचकली, पण उठली नाही. पाच-सहा झाल्यावर तिनं विचारलं,

"अजून हायेत काय?"

"हायेत, माय."

"मंग लाव."

पोतं रिकामं होईपर्यंत तो लावत राहिला. टिना त्या वर्षी झाल्या नाहीत.