गाळलेले रीळ

चित्रपटांचे संशोधक पुष्कळ होऊन गेले असतील. पण एका गहाळ रिळासाठी आमच्या शेजारच्या काकांनी जेवढी निष्ठा खर्च केली, तेवढी भारतवर्षात कोणी केली असेल असे मला वाटत नाही. त्यापूर्वी त्यांनी आयुष्यात दोनच सिनेमे पाहिले होते, आणि त्यांतला एक कुटुंबनियोजनाचा, ऑफिसने सक्तीने दाखवलेला होता.

काका जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांची मोजणी मात्र निवृत्त झाली नव्हती. खिशात कायम टेप. काकूंनी वाळत घातलेल्या कुरडया चार इंच आमच्या हद्दीत आल्या, तर ते स्वतःच्या बायकोविरुद्ध आमच्याकडे तक्रार घेऊन येत. पाहुण्यांच्या चपलांसाठी त्यांनी ओट्यावर खडूची रेघ मारली होती. रेघेबाहेरची चप्पल जेवण उरकेपर्यंत रस्त्यावर पोचलेली असे. सुनेने तुळशीची कुंडी हलवली, तेव्हा त्यांनी घराचा नकाशा काढून तिला कुंडीची मूळ जागा दाखवली. पुढे मुलाने नवी स्कूटर आणली. काका म्हणाले, "अर्धा फूट आत घे." मुलाने ती सटाण्याला नेली, बायको आणि बिऱ्हाडासकट. तिथल्या शाळेत त्याने बदलीच मागून घेतली. त्याला दोन वर्षे झाली होती. पत्रे काकूंच्या नावाने येत. काका ती वाचत नसत. पाकीट उंबऱ्यापासून किती लांब पडले, तेवढे बघत.

अशात नाशकात एक विनोदी सिनेमा लागला. नायक खडूस घरमालक. आमची सगळी कॉलनी तो पाहून आली आणि एकमताने म्हणाली, हे तर आपले काका! कुतूहल म्हणा, दुष्टपणा म्हणा, मी त्यांना मॅटिनीला घेऊन गेलो.

पडद्यावर नायक भाडेकरूंचा नळ बंद करी, सुनेच्या चहातले दूध चमच्याने मोजी. थिएटर लोळत होते. "बरोबर आहे त्याचं," काका म्हणाले. थोड्या वेळाने, "हे हसतायत कशाला?" शेवटी सगळे घर सोडून जातात, नायक फाटकाला कुलूप घालतो आणि ऐटीत एकटाच जेवायला बसतो. सगळ्यांत मोठा हशा तिथे. दिवे लागले. काका उठेनात.

"मुलगा कुठे आला परत?"

"कुणाचा?"

"त्याचा हो!"

"नाही येत, काका. संपला सिनेमा."

"असा कसा संपेल? रीळ गाळलंय यांनी."

हा आरोप अगदीच निराधार नव्हता. खेळ लवकर आटपायचा असला की ऑपरेटर एखादे रीळ गाळतात, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते. काका थेट त्याच्या खोलीत. तो वैतागून म्हणाला, "अहो, अकरा डबे आले, अकराही चालवले. मोजून घ्या!" हे वाक्य काकांपुढे उच्चारायचे नसते. त्यांनी दोनदा मोजले. अकराच भरले. "मग कॉपीच अपुरी आलीय," त्यांनी निकाल दिला.

पुढे ते पुरी कॉपी शोधत हिंडले. सिनेमा लासलगावला गेला. काका कांदे भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून गेले. चांदवडला तंबूत लागला, तिथेही गेले. नायक सगळीकडे एकटाच जेवला. "एकट्याला अन्न जातं कसं हो?" त्यांनी मला एकदा विचारले. त्यांच्या प्रश्नावर मला हसू न येण्याची ही पहिलीच वेळ.

मग एका सकाळी ते पिशवी घेऊन दारात. "सटाण्याला लागलाय म्हणे. तिथली कॉपी बघून येतो." काकूंनी काही न विचारता पिशवीत कुरडयांचा डबा घातला.

चार दिवसांनी परतले.

"सापडलं रीळ?" मी विचारले.

"छे. तिथेही तसंच." टेप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "त्याची स्कूटर रस्त्यात पाऊण फूट येते. पण बोललो नाही मी."

त्या दिवाळीला मुलगा, सून आणि स्कूटर, तिघेही नाशकात आले. स्कूटर फाटकाशी नेमकी अर्धा फूट बाहेर उभी होती. काका तिच्याकडे पाठ करून चहा पीत होते. पाठ वळवायला त्यांना बरेच कष्ट पडत असावेत. मी मुलाला सहज विचारले, "काय रे, तो सिनेमा तूही पाहिलास का काकांबरोबर?"

तो सिनेमा सटाण्याला कधी लागलाच नव्हता.