सेकंदकाकांचं घड्याळ

तपासणी प्रयोगशाळेच्या संगणक विभागात त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत. रक्त-लघवीचे अहवाल बनवणारा प्रोग्राम त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला, आणि जोडीला चाळीस ओळींचं एक घड्याळ. काम सुरू झालं की वेळ टिपायची, संपलं की पुन्हा टिपायची, वजाबाकी दाखवायची. कुणाचाही प्रोग्राम रेंगाळला की हे घड्याळ चहाडी करायचं.

यंदा नवा प्रोग्राम आला. साहेबांनी सांगून टाकलं, "हजार अहवाल पन्नास सेकंदांत झाले तर तुमचा जुना ठेवू. नाहीतर तो बंद, आणि तुमची जागाही."

काकांचा आकडा आला बावन्न.

"तुमचंच घड्याळ ना, काका? आता रडीचा डाव नको हं," नवा प्रोग्राम लिहिणारी मुलगी हसत म्हणाली.

घरी बायकोला पटेना. "दोन सेकंदांसाठी कुणी माणूस काढतं होय?"

दुसऱ्या दिवशी काकांनी संगणकयंत्राच्या नोंदी चाळल्या. चाचणी चालू असतानाच यंत्राने इंटरनेटवरच्या घड्याळाला विचारून स्वतःची वेळ दुरुस्त केली होती. काकांच्या जिवात जीव आला. मध्येच कुणी काटे सरकवले तर वजाबाकी चुकणारच. एकोणीस वर्षं ही खोट राहून गेली होती. काटे कुठल्या बाजूला सरकले, ते मात्र आनंदाच्या भरात त्यांनी वाचलंच नाही.

त्यांनी दोन ओळी बदलल्या. यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद आत वेगळे मोजले जातात आणि ते कुणाच्या सांगण्यावरून मागेपुढे होत नाहीत. घड्याळ आता तेच वाचणार होतं. साहेबांच्या विनवण्या करून चाचणी पुन्हा लावली.

पासष्ट.

काटे तेरा सेकंद मागे सरकले होते. बावन्न ही काकांवर झालेली मेहेरबानीच होती.

मुलीचं हसू मावळलं. "काका, मी काही बघितलं नाही. जुनाच आकडा राहू द्या की."

"त्याने तरी जागा कुठे राहते?" काका म्हणाले.

"साठच्या आसपास लिहा, चालेल," साहेब म्हणाले. काकांनी चाचणीच्या कागदावर पासष्टच लिहिलं, आणि पुढे दशांशाचे तीन आकडेही. खाली एक रकाना रिकामा होता : प्रोग्राम कोण बंद करणार. तो कसा बंद करायचा, हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. काकांनी स्वतःचं नाव घातलं आणि ते यंत्राकडे गेले.