फेस पांढरा होईपर्यंत

पार्लरवालीचा हात हलका आणि मनातली अढी भक्कम, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. केसांचा तिचा हिशेब साधा होता. पाण्याचा पीएच सात, त्याच्या खाली आम्ल, वर अल्कली. केसांना पाच मानवतो, आणि केस सरळ करायचं क्रीम असतं तेरावर. "आठच अंक की," असं कुणी म्हटलं की ती सांगायची, "एक अंक चढला की दहापट होतं. आठ चढले की दहा कोटी पट."

दहापटीचं हे गणित ती सासरी शिकली होती. आईच्या बांगड्या सापडत नाहीत म्हणताना नणंदेनं वहिनीचं, म्हणजे हिचंच, नाव नुसतं पुटपुटलं. गोष्ट शेजारी पोचेपर्यंत वहिनीनं त्या विकल्या होत्या, आणि नवऱ्याच्या कानावर गेलं तोवर ती सराईत चोर झाली होती. त्यानं तिची बॅग दाराबाहेर ठेवली.

आज तीच नणंद खुर्चीत बसली होती. "झालं गेलं विसर गं वहिनी, आपण घरचीच माणसं," असं म्हणत.

पार्लरवालीनं क्रीम लावलं, घड्याळ पाहिलं आणि स्टूल ओढून समोर बसली.

"वहिनी, टाळू चुरचुरतेय."

"चुरचुरणारच. अजून राहिलं तर केस कंगव्यात येतील. तुमच्या दादांना फोन लावा, वन्सं. स्पीकरवर. बांगड्यांचं खरं सांगा, लगेच धुते."

नणंद आधी हसली, मग चिडली, मग आरशात पाहून तिनं फोन लावला. "दादा, त्या बांगड्या मीच विकल्या होत्या. वहिनीचा काही दोष नव्हता."

पार्लरवाली फोनकडे झुकली. हा क्षण तिनं मनात किती वर्षं घोळवला होता.

"माहितेय मला," पलीकडून कंटाळलेला आवाज आला. "तेव्हाच कळलं होतं. आता कशाला उकरून काढतेस?"

फोन बंद झाला. पार्लरवालीनं नणंदेचं डोकं बेसिनवर घेतलं आणि आम्लाकडे झुकणारा शाम्पू ओतला. केसांत अल्कली उरली असेल तोवर त्याचा फेस गुलाबी येतो. गुलाबी आला. धुतलं, पुन्हा गुलाबीच. तिच्या अंगाची लाही होत होती, पण तो राग आता या डोक्यावरचा नव्हता. तिसऱ्यांदा फेस पांढराशुभ्र आला. एक केस तुटला नाही.

"छान झालेत," नणंद चाचरत म्हणाली.

"दादांना दाखवा," पार्लरवाली खुर्ची पुसत म्हणाली. "आणि त्यांनाही पाठवा. म्हणावं, खुर्ची रिकामी ठेवलीय."