बापूंच्या रिव्हॉल्व्हरचा चाप

हत्यारं साफ करायच्या टेबलावर माणसं फार बोलतात. दोन्ही हात तेलकट झालेले असतात, मोबाईल लांब ठेवलेला असतो, मग तोंड सुटतं. नळीतून काळी चिंधी बाहेर येते आणि तिच्यामागून एखादा किस्सा! चिंध्या मी संध्याकाळी जाळून टाकतो. किस्से मात्र साठत जातात.

मुठा खोऱ्यातल्या एका लहानशा शूटिंग रेंजवर मी हत्यारांची देखभाल करतो. मी मूळचा फिटर. हे काम पुस्तकं वाचून आणि चुकत-माकत शिकलो. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत, ते मला भाऊ म्हणतात. रविवारी पाच-सहा लायसनवाले जमतात. पण आमचे निम्मे किस्से एकट्या बापूंचे, आणि तेही त्यांच्या एकाच रिव्हॉल्व्हरचे.

बापू हिंजवडीजवळच्या नेरे गावचे. थोडी जमीन विकली, थोडीवर खोल्या बांधून आयटीवाल्यांना भाड्याने दिल्या. मग ओळखीच्या सगळ्यांकडे आहे म्हणून रिव्हॉल्व्हर घेतलं.

*

ते पहिल्यांदा आणलं, तेव्हा खंडेनवमी नुकतीच झाली होती. बापूंनी आधी पेढे वाटले, मग पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढलं. नळीवर हळदीकुंकू, मुठीला झेंडूची पाकळी चिकटलेली, आणि चापाच्या कडीला लिंबू-मिरची!

"आमच्या मंडळींनी बांधलंय," बापू म्हणाले. "नारळ पण फोडला ह्याच्यापुढं."

मी गोळ्यांचं चक्र उघडलं. सहाही घरं चिकट. नारळाचं पाणी आतपर्यंत गेलं होतं.

हवालदार लिंबाकडे बघत राहिले. "बापू, रिव्हॉल्व्हर घेतलंय का टेम्पो?"

त्यांनी कात्रीने दोरा कापला आणि लिंबू-मिरची बाहेर फेकली. रेंजवरची कुत्री खायचं काही फेकलं की धावून येते. त्या दिवशी ती लिंबापाशी आली, वास घेतला आणि मागे मागे सरकत गेली.

*

बापूंचा नेम हा वेगळाच विषय आहे. बापू गोळी झाडताना दोन्ही डोळे मिटतात! पहिल्या दिवशी सहापैकी एकही गोळी कागदाला लागली नाही. एक तर पुढ्यातल्या जमिनीत गेली.

"बापू, डोळं उघडं ठिवा," हवालदार म्हणाले.

"उघडं ठिवलं की दिसतंय ना, आता काय व्हणार ते!"

हवालदारांनी हात टेकले. आमच्याकडे वळून म्हणाले, "ह्यांच्याबरोबर असताना कुणी घाबरू नका. सरळ समोर जाऊन उभं ऱ्हावा. ह्यांच्या समोरचा माणूस सेफ!"

सगळे हसले. बापू सगळ्यांत जास्त हसले.

*

नवीन रिव्हॉल्व्हरचा चाप कडक असतो. आतले भाग एकमेकांवर घासून गुळगुळीत झाले की तो हलका होतो. त्यासाठी हवालदारांनी बापूंना खोटी काडतुसं दिली आणि सांगितलं, की ती घालून रोज घरी चाप ओढत बसा, नुसतं टक् टक्.

मासळी तोलायचा हुकाचा काटा चापाला अडकवून मी किती जोर लागतो ते बघतो. बापूंच्या चापाला जवळपास सात किलो लागत होते.

बापूंनी सराव मनावर घेतला. रोज टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या सासूवर टक्! काकी, म्हणजे बापूंच्या मंडळी, वैतागल्या. "रोज मारतायत तिला. आन् दुसऱ्या दिवशी परत साडी बदलून हजर!"

दिवाळीपर्यंत बापूंच्या बोटाला फोड आला, आणि सराव संपला. काटा अजून सातावरच होता.

*

थंडीत बापू रिव्हॉल्व्हर घेऊन आले. चक्र जागचं हलत नव्हतं. उघडलं तर आत पांढरं घट्ट काहीतरी साचलेलं.

"तेल कुठलं घातलंत?"

"खोबऱ्याचं. पहिल्या आंघोळीला सगळ्यांनी लावलं, म्हणलं त्याला बी लावू. त्याचीबी पहिलीच दिवाळी!"

मावळातल्या थंडीत तेल गोठलं होतं. हवालदार म्हणाले, "बापू, चोरांना निरोप धाडा. म्हणावं, होळीनंतर या."

मी सगळं पुसून काढलं, योग्य तेलाचा एक थेंब घातला आणि सवयीने काटा लावला. सहाच्याही खाली आला होता.

"वा बापू! सराव जोरात दिसतोय."

"कसला सराव? दिवाळीपास्नं कपाटात हाय. आज काढलं."

तेलामुळे झालं असेल, असं आम्ही ठरवलं. पुढच्या खेपेला तेल नव्हतं, थंडीही नव्हती. काटा पाचावर आला.

या वेळी बापू हसले नाहीत. "भाऊ, माझ्या घरात कोण शिकतंय?"

*

बापूंचा संशय तात्यावर होता. तात्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. घर एकच. कपाटाची दुसरी चावी देवघरात असते, ती तात्याला माहीत. रस्त्याकडेचा जमिनीचा शेवटचा तुकडा विकायचा होता आणि तात्या सही देत नव्हता. बापूंनी चूल वेगळी केली. अंगणात मधोमध भिंत घालायची म्हणून विटांचा ट्रकही मागवला.

रिव्हॉल्व्हर आता रेंजच्या तिजोरीत ठेवायचं ठरलं. ते द्यायला बापू आले, तेव्हा बरोबर काकी होत्या.

"ह्यांना सांगून सांगून दमले," काकी मला म्हणाल्या. "तात्या भावजी माझ्यासमोर चहा पीत व्हते. दुपारची येळ, मी तांदूळ निवडत व्हते. आन् कपाटात वाजलं. टक्. जरा थांबून परत, टक्. भावजींनी बशी खाली ठिवली. म्हणाले, वहिनी, दादा घरात हाय का?"

"मी हिंजवडीला व्हतो," बापू म्हणाले. "ही दिराचीच बाजू घेणार. पहिल्यापास्नं."

"कपाटाच्या फटीवर मी कुंकवाचं बोट लावून ठिवलं व्हतं. त्ये तसंच व्हतं."

"मग काकी, शिकतंय तरी कोण?" हवालदारांनी हसत विचारलं.

"कोणच न्हाई. त्ये आपलं आपण शिकतंय."

इथे एखादा टोमणा मारायची हवालदारांची पाळी होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

*

तिजोरीची किल्ली एकच, ती माझ्या कमरेला असते. महिनाभर मी तिजोरीतलं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं नाही. आवाजही काही ऐकला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

महिन्याने काटा लावला. चार!

काटा बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. रेंजच्या जुन्या रिव्हॉल्व्हरला लावून पाहिला, तिथे नेहमीचाच आकडा आला. मग बापूंच्या रिव्हॉल्व्हरची बाजूची पट्टी खोलली.

बाहेरून ते दुकानातून आणल्यासारखं होतं, निळसर रंगावर एक ओरखडा नाही. आत मात्र जिथे भागावर भाग घासतो, तिथे लोखंडात माझा चेहरा दिसत होता.

हवालदारांना बोलावलं. त्यांनी ते उजेडात धरलं. "भाऊ, अशी झीज मी एकदाच बघितलीय. आमच्या उस्तादांच्या हत्यारात. त्यांची उभी नोकरी गेली व्हती त्याच्यावर."

मी बापूंना फोन केला आणि फक्त काट्यावरचा आकडा सांगितला.

"मंजी... तात्या न्हाई."

"नाही."

"तुमी?"

"बापू!"

"तसं न्हाई हो. इचारलं आपलं."

*

पुढच्या रविवारी बापू आले, ते तात्याला गाडीत पुढे बसवून. तात्या सडपातळ, अबोल माणूस. रेंज पहिल्यांदाच बघत होता.

"विटांचं काय केलंत?" मी विचारलं.

"परत धाडल्या," बापू म्हणाले. तात्याने मान खाली घातली, पण मला वाटतं तो हसला.

बापूंना रिव्हॉल्व्हर विकून टाकायचं होतं. हवालदार म्हणाले, "विकायच्या आधी एकदा चालवून बघू. घेणाऱ्याला सांगाया बरं."

"तात्या, तू मारतोस?"

"मला न्हाई हात लावायचा त्याला."

मग बापूच उभे राहिले. स्वच्छ ऊन होतं. कुत्री आधीच पार्किंगमधल्या गाडीखाली जाऊन बसली होती. बापूंनी सहा गोळ्या झाडल्या, नेहमीपेक्षा भराभर. मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो.

हवालदार जाऊन कागद घेऊन आले. कागदाच्या मधोमध एकच भोक होतं, कडा जराशा फाटलेल्या.

"पाच बाहेर गेल्या वाटतं," तात्या म्हणाला.

हवालदार परत गेले आणि भोकामागची वाळू हाताने उकरू लागले. परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत शिशाचे चपटे तुकडे होते. त्यांनी ते टेबलावर एकेक करून मांडले. सहा.

"बापू," ते हळू म्हणाले, "आज डोळं उघडं ठिवलं का काय?"

बापूंनी रिव्हॉल्व्हर माझ्यासमोर ठेवलं. तळहात पँटीला पुसला. पुसतच राहिले.

"मिटलं व्हतं. आन् मी तर नळी खाली धरली व्हती, हवालदार. पायापुढच्या वाळूत."

तात्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, चल घरी. ह्ये हितंच ऱ्हाऊ दे."

आणि तिघांनी एकदमच माझ्या कमरेच्या किल्लीकडे पाहिलं.