गल्लीचा राग आणि काकूंचं कुलूप

एका उशीला अभ्रा चढला, दुसरी अर्धीच राहिली. काकूंचा फोन थांबायलाच तयार नव्हता. गल्लीतली बस बंद होणार, ही बातमी सकाळी आली आणि गल्लीच्या ग्रुपवर जो तो तोफा डागू लागला. लालबुंद चेहऱ्यांच्या इमोजींची रांग लागली. याच बसने काकू एक दिवसाआड सासूबाईंना व्यायामासाठी दवाखान्यात नेत. मोडलेला पाय आत्ता कुठे जमिनीला टेकत होता. बस गेली की म्हातारी पुन्हा अंथरुणाला खिळणार.

ग्रुपची चावी काकूंकडे होती, आणि गल्लीची नाडीही. मागे रस्त्यावरच्या दिव्यांसाठी ग्रुपवर असंच रण माजलं होतं, पण पालिकेच्या कचेरीत गेल्या एकट्या काकू. राग लिहून काढला की माणसाला वाटतं, आपलं काम झालं. मग तो जेवून निवांत झोपतो.

काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं, "उद्या कचेरी उघडताच सगळ्यांनी या. राग सोबत आणा, इथे सांडू नका." मग ग्रुपला कुलूप घातलं. आता काकूंशिवाय कुणालाच लिहिता येईना.

झालं. लगेच दारावर थाप. निवृत्त मास्तर उभे.

"काकू, माझा मुद्दा अर्धाच झाला होता."

"उरलेला उद्या साहेबांना ऐकवा."

"म्हणजे आमची तोंडं बंद?"

"बंद नाही मास्तर, झाकण ठेवलंय. वाफ निसटली तर काही शिजत नाही."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "माझ्यावर नाही हो बसलं हिचं झाकण अजून."

"तुमच्या मापाचं मिळतच नाही, आई."

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे बससाठी आले होते, निम्मे काकूंवर चिडून. काकूंना दोन्ही चालत होते. मास्तर तर असे सुटले की साहेबांचा चहा गार झाला.

"बरं, सकाळ-संध्याकाळची फेरी ठेवतो," साहेब म्हणाले.

"दवाखाना दुपारी असतो," काकू म्हणाल्या. मागचं कुणीही जागचं हललं नाही.

साहेबांनी गर्दीकडे एकवार पाहिलं आणि दुपारचीही फेरी कायम केली.

घरी येऊन काकूंनी कुलूप काढलं. ग्रुपवर फुलांचा नुसता सडा पडला. वाचायला सवड कुणाला? दुपारच्या बसने सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं.